चवीचा रकाना

माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ ठेवायचा एक पांढरा प्लास्टिकचा पिंप आहे. त्याला खाली तोटी आहे. तांदळाच्या पिंपाला तोटी कशाला, असं घरी येणारं प्रत्येक नवं माणूस विचारतं आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते. झाकणाच्या मधोमध एक भोक आहे, ते आईने मेणाने बुजवलं होतं; पुढे मेण गळून पडलं तेव्हा मी तिथे बाटलीचं बूच बसवलं. बाहेरून लिटरचे आकडे छापलेले होते, ते घासून घासून गेले, वीसचा तेवढा अजून वाचता येतो. माझ्या मुलीने दोनदा हा पिंप भंगारात द्यायला काढला आणि दोन्ही वेळा मी तो दारातून परत आणला. कारण सांगितलं नाही. कारण सांगायची वेळ आली की मी गप्प बसते, हा माझा जुना दोष आहे, आणि या प्रकरणात मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

तेव्हा आम्ही वारज्याला राहायचो. तीन खोल्या, मागच्या खोलीवर पत्रा, समोर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांच्या मागे शेतं. आईबाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा तरुणपणी पुण्याला नोकरीसाठी आले आणि एका केमिकल कंपनीत लागले ते अठ्ठावीस वर्षं तिथेच राहिले. मोठ्या बंद भांड्यात रसायनं तापवायची, दर तासाला तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. बाहेरचा माल स्वस्तात यायला लागल्यावर त्यांचा विभाग बंद झाला आणि स्वेच्छेने निवृत्त व्हा, असं त्यांना तीन वेळा बोलावून सांगण्यात आलं. तिसऱ्या वेळी त्यांची स्वेच्छा झाली. घरी आले तेव्हा पन्नाशीचे होते, हातपाय धडधाकट होते आणि करायला काही नव्हतं. सकाळी पेपर वाचून झाला की त्याची घडी अशी घालायचे की तो पुन्हा विकायला ठेवता यावा. मग नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, ते कंपनीच्या एका कोऱ्या वहीत लिहायला लागले. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "आता मी श्वास किती घेऊन राहिले तेही लिहा." बाबा हसत नसत. त्यांना त्या वहीचं काही वाटत असेल तर ते आम्हाला कळलं नाही, पण मला तिच्याकडे बघवत नसे.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे राहिली होती. आमच्या वस्तीत एक छोटं विहार होतं, चार भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. रविवारी सकाळी तिथे वंदना व्हायची आणि पंचशील बाबा, म्हणजे वस्तीचे मेश्रामभाऊ, द्यायचे. ते एकेक शील म्हणत, मागून सगळे म्हणत. त्यांचा आवाज काही गोड नव्हता, पण शब्द स्वच्छ होते, आणि मुख्य म्हणजे ते जे म्हणत ते पाळतात, याबद्दल वस्तीत कुणाला शंका नव्हती. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना बाबा डोळे उघडून तिसऱ्या रांगेत बघत. तिथे गजभियेकाका बसायचे. वीज मंडळात खांबांवर चढून काम करणारा हा माणूस एके काळी इतका प्यायचा की त्यांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, दोन वेळा त्यांना नाल्यातून उचलून आणलं होतं. बाबांनी त्यांना सहा महिने रोज संध्याकाळी घरी बसवून घेतलं, चहा पाजला, बुद्धिबळ खेळायला लावलं. काकांना बुद्धिबळ शेवटपर्यंत आलं नाही, पण दारू सुटली. दोन वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. कंपनीने बाबांना काय दिलं ते आईला विचारा, ती दोन शब्दांत सांगायची. पण गजभियेकाका तिसऱ्या रांगेत बसतात, हे बाबांना पेन्शनसारखं होतं.

माझा मोठा भाऊ मिलिंद, म्हणजे दादा, इंजिनिअर होऊन कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता आणि कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. वस्तीतून विमानात बसलेला तो पहिला. दोन वर्षांनी तो तीन आठवड्यांसाठी घरी आला तेव्हा आईने रोज काही ना काही केलं, सांबारवडी, अंबाडीची भाजी, वडाभात, आणि तो रोज म्हणायचा, थोडंच वाढ. त्याच्या बॅगेतून चॉकलेटं निघाली, कॅमेरा निघाला, आईसाठी मऊ चपला निघाल्या आणि सगळ्यात शेवटी एक मोठं खोकं निघालं. त्यात हा पिंप होता. पिंपाच्या आत एक डबा, त्यात काकवीसारखा काळा दाट रस. यीस्टची पुडी, झाकणात बसवायची एक वाकडी नळी, बाटल्यांना पत्र्याची झाकणं ठोकायचं हत्यार आणि एक इंग्रजी पुस्तिका. घनता मोजायची काचेची नळीही होती, पण प्रवासात तिचे तुकडे झाले होते. घरी बिअर करायचा संच होता तो. तिकडच्या सहकाऱ्याने दादाला भेट दिला होता.

आईने ते ऐकलं आणि पदर खोचून उठली. "ते खोकं उचल आणि बाहेर ठेव," म्हणाली. "ज्या घरातून शील दिलं जाते त्या घरात हे?"

"अगं आई, ही दारू नाही अजून. नुसतं सामान आहे," दादा म्हणाला. मग बाबांकडे वळला. "बाबा, तुम्ही बघा तरी. तुमच्या कंपनीत जे करत होता तेच आहे. तापमान सांभाळायचं, नोंदी ठेवायच्या."

बाबांनी पुस्तिका हातात घेतली. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, पण शेवटच्या पानावर एक तक्ता होता. दिवस, तापमान, घनता, बुडबुडे, चव. रोजची नोंद लिहायला रिकामे रकाने. त्या तक्त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा कामावर जाणाऱ्या माणसाचा बघितला. दादाने तेवढ्यात सांगून टाकलं, तो मे महिन्यात परत येतोय, बहुतेक कायमचाच. पुण्यातच आता इतक्या कंपन्या येतायत की बाहेर कशाला राहायचं. तुम्ही करून ठेवा, मी येऊन मित्रांना बोलावतो आणि उघडतो. तो हे जाता जाता बोलला. बाबांनी ते धरून ठेवलं. शील पिण्याबद्दल आहे, करण्याबद्दल नाही, असं त्यांनी आईला सांगितलं. त्यांना स्वतःला ते पटलं होतं का, ते मला माहीत नाही. मुलगा यायचा असेल तर त्याच्या वाट्याचं काहीतरी घरात असावं, एवढं मात्र त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दादा गेला आणि थंडीत बाबांनी काम सुरू केलं. वारज्याची थंडी तेव्हा नदीकडून यायची. मी कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी मी पुस्तिकेचं एकेक वाक्य मराठीत सांगायचे आणि बाबा वहीत उतरवून घ्यायचे. पाणी उकळून घेणं, पिंप धुऊन घेणं, सगळं त्यांनी इतक्या निगुतीने केलं की आई शेवटी म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढी स्वच्छता नव्हती." काळा रस गरम पाण्यात सोडला तेव्हा घरभर भाजलेल्या धान्याचा वास सुटला. वास चांगला होता आणि तो चांगला आहे, असं कुणी म्हटलं नाही. यीस्ट टाकून झाकण लावलं, नळीत पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला बुडबुडा आला. पत्र्याच्या खोलीत आता तो आवाज सतत असायचा, गुडूक, थोडा वेळ शांत, पुन्हा गुडूक. बाबा घड्याळ घेऊन बसायचे आणि मिनिटाला किती, ते लिहायचे. नळाच्या पाण्याची नोंद त्यांनी सोडून दिली. रात्री जेवताना ते आईला सांगायचे, तापमान आज अठरावर आहे, काल वीसवर होतं, थंडीमुळे. आई हूं म्हणायची आणि त्यांना वाढायची. त्या पंधरा दिवसांइतकं आमचं घर पुढे कधी बरं चाललं नाही.

घनतेच्या रकान्यात बाबांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, यंत्र फुटले. दुसरी नळी मिळते का बघायला ते शहरात दुकानात गेले होते. दुकानदाराने दूध तपासायची दाखवली, बॅटरीची दाखवली आणि नक्की कशासाठी हवी, असं विचारलं. बाबांना खोटं बोलता येत नसे. बिअरसाठी, म्हणाले. दुकानदाराने त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडे आणि छातीवरच्या अशोकचक्राच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि, "काका, वय काय तुमचं," एवढंच विचारलं. बाबा काहीही न घेता परत आले. मग उरला चवीचा रकाना. पुस्तिकेत लिहिलं होतं की घनता मोजता येत नसेल तर थोडी चाखून बघा. गोड लागली तर साखर अजून शिल्लक आहे, काम चालू आहे, थांबा. गोडी असताना बाटल्यांत भरली तर आत वायू साठत जातो आणि बाटल्या फुटतात. मी हे सगळं त्यांना नीट सांगितलं. बाबांनी ते उतरवून घेतलं आणि म्हणाले, "हे आपल्याला लागू नाही." घरात चाखणार कोण? ते नाही, आई नाही, आणि मला विचारायचा प्रश्नच नव्हता. चवीच्या रकान्यात ते रोज एक आडवी रेघ मारायचे.

बाटल्यांचीही तीच गत. मंडईमागच्या बाटलीवाल्याने बिअरच्या रिकाम्या बाटल्या पुढे केल्या, जाड काचेच्या, अगदी हव्या तशा. त्या पिशवीत घालून वारज्यापर्यंत बसमधून यायचं, म्हणजे खणखणाट सगळ्या बसने ऐकायचा. बाबांनी हॉटेलातून आलेल्या सॉसच्या बाटल्या घेतल्या. झाकण बसत होतं. काच पातळ होती. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की फुटायला त्या पातळ बाटल्याच कारण झाल्या. अर्धं कारण त्या होत्याही.

बाबा बाटल्या आणायला गेले होते त्या दुपारची ही गोष्ट. पंधरावा दिवस होता. आई भाजीला गेली होती. मी अभ्यासाला बसले होते आणि पत्र्याच्या खोलीतून तो गुडूक ऐकू येत होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि दादाचा मला हेवा वाटायचा, हे लिहायला आता लाज नाही. तो विमानात बसला, तो इंग्रजीत फोनवर हसतो, तो बिअर पितो आणि तसं सहज सांगतो, आणि आम्ही इथे रेघा मारतो. मी उठले, स्टीलची वाटी घेतली आणि तोटी सोडली. दोन घोट असतील. कडवट होती, आणि कडूपणाच्या खाली गोड होती, चांगली गोड, रसवंतीतल्या उसाच्या रसात कुणी कडूनिंब बुडवून काढावा तशी. मला आवडली नाही. वाटी तीनदा घासली, तोंडात लवंग टाकली आणि अभ्यासाला बसले. मग लक्षात आलं की ती गोड आहे, म्हणजे भरायची नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाटल्या धुऊन उन्हात उलट्या ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, अजून आठवडाभर राहू दे ना."

"का?"

"असंच. थंडी आहे म्हणून."

"पुस्तिकेत चौदा दिवस आहेत. थंडी धरून मी दोन वाढवले. बुडबुडे जवळजवळ थांबलेत." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "कंपनीत असंच म्हणून कुणी झडप उघडत नाही आणि असंच म्हणून कुणी बंद ठेवत नाही. तुझ्याकडे आणखी काही कारण आहे का? असलं तर सांग, मी थांबतो."

ते खरोखरच थांबले असते. माझ्याकडे बघत उभे होते, हातात वही होती, बोट रकान्यांवर होतं. तीन शब्द बोलायचे होते, मी चाखून बघितली. रागावले नसते ते, हे मला आज कळतं. पण आपल्या मुलीनेही चाखावी, असं त्यांच्या तोंडावर उमटलेलं मला बघवलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझी पडली होती. मी म्हटलं, "नाही, दुसरं काही नाही." त्यांनी वही मिटली. आम्ही दोघांनी मिळून अठ्ठावीस बाटल्या भरल्या, प्रत्येकीत पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चमचाभर साखर आणखी घातली आणि झाकणं ठोकली. झाकणं मीच ठोकली. पुढच्या खोलीतल्या दिवाणाखाली अंधार होता आणि फरशी गार होती, तिथे बाबांनी त्या ओळीने लावल्या आणि वर चादर सोडली. पिंप धुऊन उन्हात वाळवला. आईने दुसऱ्याच दिवशी त्यात तांदूळ भरले.

मार्चमध्ये ऊन तापलं. जयंतीची तयारी सुरू झाली होती आणि त्या रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक आमच्या घरी होती. दहाबारा माणसं आली. चौघं दिवाणावर, बाकीची सतरंजीवर, गजभियेकाका दाराशी, कारण मांडवाची वायरिंग नेहमी त्यांच्याकडे असायची. आईने पोहे केले होते. मिरवणूक कुठून न्यायची, यावर नेहमीचा वाद रंगला होता आणि बाबा कागदावर लिहून घेत होते. तेवढ्यात दिवाणाखाली फाट्‌कन आवाज झाला. बल्ब गेला असेल, असं कुणीतरी म्हटलं. दुसरा आवाज झाला तेव्हा दिवाणावरची माणसं उठून उभी राहिली. मग एकामागून एक सात झाले आणि चादरीच्या खालून फेस आला. तो फरशीवरून सावकाश पुढे आला, सतरंजी भिजली, पोह्यांच्या बशांपर्यंत गेला. माणसं पाय उचलून मागे सरकत होती. तो भाजलेल्या धान्याचा वास पुन्हा घरभर झाला, या वेळी आंबट. एका गृहस्थांनी वाकून बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"बिअर आहे ही," ते म्हणाले. मग बाबांकडे बघून, अगदी शांतपणे, "जयंतीची तयारी यंदा जोरात आहे म्हणायची."

कुणी हसलं नाही. बाबा कागद हातात धरून उभे होते. मुलाने आणलंय, असं ते म्हणू शकले असते. सगळ्यांनी ते मान्यही केलं असतं. ते म्हणाले, "हो, बिअर आहे. मी केली आहे." मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्या वेळीही मी बोलले नाही.

माणसं चपला घालून गेली. कुणी जोरात बोललं नाही, कुणी बशी पूर्ण केली नाही. थांबले ते एकटे गजभियेकाका. त्यांनी पिशवीतून कामाचे रबरी हातमोजे काढले, दिवाण सरकवला, काचा गोळा केल्या. नऊ फुटल्या होत्या. उरलेल्या एकोणीस त्यांनी ओल्या पोत्यात भरल्या आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही याला हात नका लावू. मी नेतो, नदीला ओततो." आईने बाबांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी ती बघितली, बाबांनीही बघितली. पण नाही म्हणायचं म्हणजे दोन वर्षं शील पाळणाऱ्या माणसाला तोंडावर सांगायचं की तुझा भरवसा नाही. आणि तेही त्या दिवशी, त्या खोलीत. बाबांनी पोत्याची दुसरी बाजू धरली आणि त्यांच्या सायकलवर चढवून दिलं.

तीन दिवसांनी कुसुमकाकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "भाऊजी, ते पोतं तुमच्याकडचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. ओतलं ना त्याने?"

"ओतलं, पण नदीत नाही." त्या भांडायला आल्या नव्हत्या, त्यांचा आवाजही चढला नव्हता. "मी आडवी गेले तर म्हणतात, मेश्रामभाऊंच्या घरची आहे, ती काही दारू नव्हे. संपली ती काल. आज सकाळपासून घरी नाहीत."

बाबा त्याच पावली बाहेर पडले. त्या दिवशी त्यांनी काकांना शोधून आणलं, पुढच्या आठवड्यातही आणलं, पुन्हा बुद्धिबळाचा पट मांडला. काका यायचे, बसायचे आणि उठून जायचे. मग बाबा दिसले की गल्ली बदलायला लागले. नोकरी वर्षभर टिकली. त्यानंतरचं सगळं वस्तीने बघितलं आणि लिहिण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता काका गेले. कुसुमकाकू त्यानंतर पोळ्या लाटायला जायच्या. रस्त्यात भेटल्या की माझ्याशी नीट बोलायच्या, कॉलेज कसं चाललंय विचारायच्या. त्यांनी मला बोल लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

दादाचा फोन रविवारी यायचा. बाटल्या फुटल्याचं आईने सांगितलं तेव्हा तो तिकडे इतका हसला की रिसीव्हरमधून खोलीभर ऐकू आलं. "अरे, नळी फुटली होती तर चाखायची ना," म्हणाला. प्रोजेक्ट वाढल्यामुळे मे महिन्यात जमणार नाही, हेही त्याच फोनवर सांगितलं. तो पुढे आला तो पाहुणा म्हणूनच. आता त्याचं तिकडे मोठं घर आहे, गॅरेजमध्ये तो स्वतः बिअर करतो आणि मला त्याचे फोटो पाठवतो. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवते. मध्यंतरी मुलीने हट्टाने मला बाणेरला, बिअर तिथेच करून विकतात अशा एका ठिकाणी नेलं. काचेपलीकडे चकचकीत स्टीलची मोठी भांडी, त्यांवर तापमानाचे लाल आकडे, आणि एक तरुण मुलगी लहान ग्लासातून घोट घेऊन कागदावर काहीतरी लिहीत होती. सगळ्या टेबलांवर तिच्या वयाची पोरं हसत होती. मी लिंबूसरबत मागवलं आणि ते अर्धं सोडून उठले. काय झालं आई, असं तिने विचारलं, आणि तेव्हाही मी काही सांगितलं नाही.

बैठकीनंतरच्या रविवारी बाबा विहारात नेहमीच्या जागी बसले. चार शीलं त्यांनी दिली आणि पाचव्याला त्यांचा आवाज आला नाही. लोक थांबले. बाबांचे ओठ उघडे होते. शेवटी मागून कुणीतरी ते म्हटलं आणि वंदना पूर्ण झाली. पुढच्या आठवड्यापासून बाबा शेवटच्या रांगेत बसायला लागले, भिंतीला टेकून. त्यांना कुणी उठवलं नव्हतं आणि परत पुढे या, असंही कुणी म्हटलं नाही. घरी नळाच्या पाण्याची वही पुन्हा सुरू झाली. मी त्यांच्याशेजारी बसायचे. पाचव्याला ते गप्प राहायचे. आणि मीही, कारण त्यांच्या शेजारी बसून ते शील म्हणायची माझी छाती होत नव्हती.

त्यांच्या हे लक्षात यायला तीन वर्षं लागली. मला तोवर नोकरी लागली होती. एका रविवारी विहारातून घरी येताना त्यांनी विचारलं, "पाचव्याला तू का थांबतेस?"

मी म्हटलं, "मी चाखली होती, बाबा."

ते चालत राहिले. नव्या इमारतींच्या वाळूच्या ढिगाऱ्यांमधून रस्ता काढत आम्ही बरंच अंतर गेलो. मग म्हणाले, "कधी?"

"भरायच्या आदल्या दिवशी. तुम्ही बाटल्या आणायला गेला होता तेव्हा."

"गोड होती?"

"हो."

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून ती वही काढली. पंधरावा दिवस शोधला. कंपनीचा नियम असा होता की चुकलेली नोंद गिरवायची नाही, खोडायची नाही. तिच्यावरून एक रेघ मारायची, शेजारी खरी नोंद लिहायची आणि सही करायची. चवीच्या रकान्यात रेघच होती. तिच्यावर त्यांनी तिरपी दुसरी मारली आणि शेजारी लिहिलं, गोड. मग वही आणि पेन माझ्यापुढे केलं. "ज्याने बघितलं त्याची सही लागते," म्हणाले. मी सही केली. मला रडू आवरत नव्हतं, पण खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. मला वाटलं, आता दोष माझ्या नावावर लागला, आता ते मोकळे झाले. पुढच्या रविवारी ते म्हणतील.

पुढच्या रविवारी ते त्याच शेवटच्या रांगेत बसले. चार म्हटली. पाचव्याला मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते समोर तिसऱ्या रांगेतल्या मोकळ्या जागेकडे बघत होते आणि ओठ मिटलेले होते. परत येताना मी म्हटलं, "बाबा, आता तरी. चूक माझी होती, लिहिलंय तसं."

"बाटल्या फुटल्या ती तुझी," ते म्हणाले. "पोतं सायकलवर मी चढवून दिलं. तिथे तुझी सही चालत नाही."

आम्ही घरी पोचलो तेव्हा आईने पिंपातून ताटभर तांदूळ काढून निवडायला घेतले होते. बाबांनी हातपाय धुतले, नळाला पाणी आलं होतं का विचारलं आणि आईने सांगितलेली वेळ वहीत लिहिली.